हाळीआधीचा जोर

बायकोच्या बाळंतपणात मी घरात थांबलो, ते काही हौसेने नाही. आमच्या गावातला कुठलाच पुरुष थांबत नाही. कळा सुरू झाल्या की बाहेर पडायचं, झाडाखाली बसून विड्या फुंकायच्या आणि आतून रडणं ऐकू आलं की मान डोलवत परत यायचं, जसं काही सगळं आपणच केलं. मलाही तेच करायचं होतं. पण माझा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. हाड नीट जुळलं नाही म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा घातलेलं. कुबडी घ्यायची परवानगी नव्हती. घराला खोली एक, खाट एक, आणि त्या खाटेवर मी. मला खाटेसकट उचलून बाहेर न्यायला चार दणकट माणसं लागतात आणि गावातली झाडून सगळी दणकट माणसं त्या सकाळी खाणीवर गेली होती.

आईने भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर चादर टाकली. चादरीच्या पलीकडे बायको, अलीकडे मी.

"तोंड भिंतीकडे कर," आई म्हणाली.

"आणि कानाचं काय करू?"

"कानाचं तुझं तू बघ."

आम्ही लादीवाले. खाणीत दगडाचे थर आहेत, ते पहारीने उचकटायचे, लादी सुटी करायची, लाकडी ओंडक्यांवर घ्यायची आणि सरकवत सरकवत गाडीपर्यंत न्यायची. एकेका लादीला आठ-दहा पहारी लागतात. त्या सगळ्या एकाच वेळी दाबल्या गेल्या तर लादी हलते. एक जरी आधी दाबली तर लादी एका अंगाला कलते आणि कुणाचं तरी बोट, पाय, नाहीतर नशीब तिच्याखाली जातं. म्हणून हाळी लागते. आमच्या टोळीला हाळी माझे आबा देतात. लादीच्या उंच अंगाला उभे राहतात आणि ओरडतात, धरा… धरा… धरा… हो. 'धरा' म्हटलं की पहार घट्ट पकडायची, अंग तयार ठेवायचं, पण जोर लावायचा नाही. 'हो' आलं की सगळ्यांचा जोर एकदम. हाळीआधी जोर लावणं आमच्यात चोरीपेक्षा वाईट. चोर निदान दुसऱ्याच्या घरात शिरतो.

ही सवय इतकी हाडीमासी भिनलेली की घरातही हाळीवाचून काही हलत नाही. धान्याचं पोतं उचलायचं, हाळी. कपाट सरकवायचं, हाळी. लहानपणी आबा मला परसाकडेलाही हाळीवर बसवायचे असं आई सांगते. खरंखोटं तीच जाणे.

माझा पाय मोडला तो हाळीआधीच्या जोरानेच, आणि तो जोर माझ्या बायकोचा होता. मी लादीखाली ठोकळा सारायला वाकलो होतो. आबांचं 'धरा' चालू होतं. बायको शेवटच्या पहारीवर होती, पोट दिसायला लागलं होतं म्हणून तिला टोकाला ठेवलेलं. 'हो' यायच्या आधीच तिने पहार दाबली. लादी गर्रकन फिरली आणि माझ्या पायावर आली. सगळ्या टोळीने पाहिलं. मी नाही पाहिलं, मी जमिनीकडे बघत होतो. मला फक्त आवाज आठवतो, आणि तो आवाज माझ्या पायाचा होता हे नंतर कळलं.

त्या दिवसापासून बायको घरात मान वर करून बोलली नाही. आई भाकड म्हशीला बोलावं तशी तिला बोलायची. पाणी सांडलं, "हाळीआधी ओतलं असेल." दूध उतू गेलं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." बायको मूग गिळून बसायची. मी एकदा विचारलं, "अगं, झालं काय होतं?" ती माझ्या पायाखालची उशी सारखी करत म्हणाली, "झालं ते झालं." टोळीने तिला परत घ्यायचं नाही असं ठरवलं. आबा त्यावर काहीच बोलले नाहीत. बिचाऱ्यांना सुनेची लाज वाटत असेल, असं मी समजलो.

त्यात नर्सबाईंची भर पडली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई मागे तपासायला आल्या तेव्हा बजावून गेल्या होत्या, "कळा आल्या की मला बोलवा. आणि हे बघ, मी सांगेन तेव्हाच जोर करायचा. त्याआधी नाही. घाई केलीस तर सगळं सुजून बसेल." आईने ते वाक्य असं उचललं की विचारू नका. नर्सबाई घराबाहेर पडायच्या आत ती बायकोला म्हणाली, "ऐकलंस ना? आता इथे तरी खोड सोड. इथे पाय नाही, जीव आहे."

तर त्या सकाळी कळा आल्या. दादा, माझा थोरला भाऊ, तेवढा घरी थांबला होता. नर्सबाईंचा फोन लागेना, म्हणून त्याने घरातला एकमेव फोन खिशात टाकला आणि सायकल काढली. आरोग्य केंद्र खाणीच्या पलीकडे, वरच्या रस्त्याने जावं लागतं. "गेलो आणि आलो," म्हणाला. आबा आधीच कामावर गेले होते.

पहिल्यांदा सगळं ठीक होतं. बायको चादरीपलीकडे फेऱ्या मारत होती. मला तिची सावली दिसायची, जाताना मोठी, येताना लहान. कळ आली की ती थांबायची, भिंतीला हात टेकायची, नाकाने श्वास सोडायची. मग पुन्हा चालायची. आईने पाणी तापवलं, फडकी उकळली, कात्री उकळली, आणि वाट बघत बसली. आईने स्वतः दोन मुलगे जन्माला घातले होते, पण दुसऱ्याचं बाळंतपण कधी केलं नव्हतं. ते मला तिच्या बोलण्यावरून कळत होतं. भीती वाटली की आई जास्त बोलते.

"दादा येईलच. सायकलला काय वेळ लागतो. नर्सबाईंची गाडी आहे. गाडीला तर काहीच वेळ लागत नाही."

ऊन चढलं. पत्रा तापला. दादा आला नाही.

आणि मग बायकोच्या घशातून एक आवाज आला. तो रडण्याचा नव्हता, किंचाळण्याचा नव्हता. आमच्या कामात तो आवाज मी रोज ऐकतो. लादी जागची हलते त्या क्षणी माणसाच्या पोटातून जो निघतो, तो. जाडा, खालचा, अर्ध्यात तुटलेला. पण तिच्या हातात पहार नव्हती. मी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"आई," बायको म्हणाली. तिच्या आवाजात दुखणं नव्हतं, नवल होतं. "आई, हे काय होतंय?"

"काय होतंय?"

"जोर लागतोय."

"लावू नकोस. नर्सबाई यायच्यात."

"मी लावत नाही, आई. लागतोय."

आई एकदम उसळली. "आपोआप कसा लागेल? अंग तुझंच आहे ना, का शेजारणीचं? धर. घट्ट धर."

पुढचं मी सगळं ऐकलं आणि अर्धंमुर्धं पाहिलं, कारण चादर जुनी होती आणि मागून खिडकीचं ऊन येत होतं. बायकोने गुडघे जुळवले. तोंडात फडकं कोंबलं. कळ आली की तिचं सगळं अंग खालच्या दिशेने जायचं आणि ती वर ओढायची. माणूस स्वतःशीच रस्सीखेच खेळतोय असं दिसत होतं. आई तिच्या मांड्यांवर दोन्ही हात दाबून बसली होती आणि म्हणत होती, धर, धर, धर. थोड्या वेळाने मला कळलं की ती आबांच्याच चालीत म्हणतेय. फक्त शेवटचं 'हो' येत नव्हतं. ते नर्सबाईंच्या तोंडात होतं आणि नर्सबाईंचा पत्ता नव्हता.

"आई, तिला करू दे ना," मी म्हणालो.

"तू बाळंतपणं केलीस किती?"

"एकही नाही."

"मग भिंतीकडे बघ."

मी भिंतीकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, मला आईचंच पटत होतं. हाळीआधीच्या जोराने काय होतं ते माझ्या खाटेवरच पडलेलं होतं की.

कळांच्या मध्ये बायको कुजबुजायची. पहिल्यांदा आईशी, मग कुणाशीच नाही. "जातंय. माझ्या हातात नाही. जातंय." आई तिच्या तोंडावर पाणी मारायची. एकदा बायकोचे पाय इतके थरथरले की खालचं पाण्याचं भांडं वाजायला लागलं. ती बाई ओल्या लादीवर अनवाणी उभी राहून पहार मारणारी, तापात कामावर येणारी. तिचे पाय असे थरथरताना मी कधी पाहिले नव्हते.

बाहेर चपला वाजल्या. मला वाटलं दादा. आबा होते. भरदुपारी आबा घरी येत नाहीत.

"सुरुंग अडकलाय," आबा दारातून म्हणाले. "वरच्या रस्त्याला भोकं भरली होती. सगळे उडाले, एक उडालाच नाही. लाल निशाण लावलंय. तो सुरुंग मोकळा होईपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू सोडणार नाहीत."

"आणि दादा?" आईने विचारलं.

"पलीकडे उभा आहे. नर्सबाई गाडीत बसल्यात. मी लांबून पाहिलं. हात हलवला त्याने."

आई मटकन खाली बसली. चादरीपलीकडून तो जाडा आवाज पुन्हा आला. आबांनी तो ऐकला आणि ते दारातून दोन पावलं मागे सरले. आयुष्यभर तो आवाज स्वतःच्या हाळीवर काढून घेतलेला माणूस, पण घरातून, सुनेच्या तोंडून, न बोलावता आलेला ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मग आईने जे सुचवलं ते फक्त आमच्याच घरात कुणाला सुचेल.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही द्या हाळी."

"काय?"

"नर्सबाई यायच्या नाहीत. कुणीतरी सांगितल्याशिवाय ती जोर कसा लावणार? एवढ्या लाद्या हलवल्यात तुमच्या हाळीने. बाहेर बसून द्या. ती ऐकेल."

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. सासऱ्याने सुनेच्या बाळंतपणात तोंड घालायचं म्हणजे काय. पण आतून पुन्हा आवाज आला तेव्हा ते उंबऱ्याबाहेर आमच्याकडे पाठ करून बसले, घसा खाकरला आणि सुरू झाले.

"धरा… धरा… धरा… हो."

आणि बायकोने जोर लावला. आपला भाबडा जीव, सवय किती पक्की असते बघा. नेमकी तेव्हा तिला कळ नव्हती. मोकळ्या अंगाने तिने जीव खाऊन जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि काही झालं नाही. नुसता दम गेला. आबांनी पुन्हा 'धरा' सुरू केलं आणि तेवढ्यात तिला कळ आली. ती कळ खरी होती, आतून आलेली, पण बाहेर 'धरा' चाललं होतं. तिने दात आवळून धरलं. 'हो' आलं तोवर कळ ओसरली होती.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. आबांची हाळी एका चालीत, तिच्या पोटाची दुसऱ्याच. दोन्ही कधी जुळल्या नाहीत. एकदा आई ओरडली, "केस दिसले, केस दिसले," आणि आबा 'धरा' म्हणाले, आणि बायकोने धरलं, आणि आई म्हणाली, "गेलं परत आत." मी बघत होतो, आता सगळंच बघत होतो. कोण तोंड फिरवणार होतं?

मग आईने बायकोच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तिथून काढून दुसरीकडे ठेवला.

"हलेना गं," ती हळूच म्हणाली.

बाहेरून हाळी चालूच होती.

बायकोने तोंडातलं फडकं काढून टाकलं. तिचा चेहरा सुजला होता, ओठ करडे पडले होते. ती उठून बसली, आणि ज्या बाईने इतके दिवस घरात वर मान केली नव्हती ती दाराकडे बघून मोठ्यांदा म्हणाली, "आबा, गप्प बसा."

आईचा हात हवेतच राहिला. आबांचं 'धरा' अर्ध्यात तुटलं.

"त्या दिवशीही तुमचं 'हो' वेळेवर आलं नाही," बायको म्हणाली. श्वास घ्यायला थांबत, पण एकेक शब्द स्वच्छ. "लादी सरकत होती. यांचं डोकं होतं तिच्याखाली. मी 'हो'ची वाट बघितली असती तर हे आज नसते. लादी फिरवायला मी मुद्दाम लावला जोर. पाय गेला तर जाऊ दे म्हटलं. आज नाही थांबणार मी तुमच्यासाठी. आज कुणासाठीच नाही थांबणार."

तिला कळ आली, आणि ती उभी राहायला गेली, तोल गेला, तिने समोर जे आलं ते धरलं. समोर चादर आली. दोरी तुटली, चादर खाली आली आणि बायको माझ्या खाटेच्या कडेला उकिडवी बसली. दोन्ही हातांनी तिने माझं प्लास्टर धरलं.

"अगं, पाय," मी म्हणालो.

तिने ऐकलं नाही. ती कुणाचंच ऐकत नव्हती. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, आत कुठेतरी बघत होता. आणि मग ते आलं. मी आयुष्यभर जोर लावणारी माणसं बघितली आहेत. कोण खांद्याने लावतो, कोण कमरेने, कोण नुसता तोंडाने. पण हा जोर ती लावत नव्हती. तो तिच्यातून जात होता आणि ती फक्त त्याला वाट देत होती. त्याच्याआधी कुणी 'धरा' म्हटलं नव्हतं. कळ संपली की ती डोकं माझ्या प्लास्टरवर टेकवून गप्प व्हायची, अगदी शांत, झोप लागल्यासारखी. मग आपोआप पुन्हा. खाट प्रत्येक वेळी भिंतीकडे थोडी सरकत होती. माझं हाड आतून सोलून निघाल्यासारखं दुखत होतं आणि तिच्याबरोबर मीही ओरडत होतो. आई दोघांच्या मध्ये गुडघ्यांवर बसली होती आणि तिला कळत नव्हतं कुणाला सांभाळायचं.

"डोकं आलं," आई म्हणाली. मग, "अगंबाई."

मूल आईच्या हातात आलं. मुलगी. निळसर, चिकट, हातपाय सोडून दिलेली. डोकं मागे लांबट झालेलं. घरात इतकी शांतता झाली की बाहेर आबा श्वास घेत होते तेही ऐकू येत होतं.

आई नुसती बघत होती. आ वासून बसली होती. मी ओरडलो, "आई, काहीतरी कर," आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

"द्या इकडे," बायको म्हणाली.

तिने पोरीला आईच्या हातातून ओढून घेतलं. नाळ अजून तशीच होती. स्वतःच्या बोटाने पोरीचं तोंड साफ केलं, तिला पालथं घातलं आणि फडक्याने पाठ घासायला लागली. हळुवार नाही, भांडं घासावं तशी घासली. "ये," म्हणत होती. "ये गं. ये ना. तुझं तू ये." मी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, माझा दुसरा पाय घे, दोन्ही घे, पण ही जाऊ देऊ नकोस. कुणाला म्हणत होतो देव जाणे.

पोरीने एक हात आवळला. मग तोंड वाकडं केलं. मग खरखरीत, रागावलेलं असं एक रडणं आलं, थांबलं, आणि परत आलं ते थांबायचं नावच घेईना. निळसर रंग छातीपासून उतरायला लागला. बायको भिंतीला टेकून बसली, पोरगी अंगावर घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"पाय दुखला का?" ती म्हणाली.

मी रडलो. लाज कसली त्यात.

नर्सबाई आल्या तेव्हा उन्हं कलली होती. सुरुंग मोकळा झाला होता. त्यांनी हात धुतले, आईने कापलेली नाळ बघितली, बायकोला तपासलं, पोरीला उलटंपालटं केलं. डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बरंच अडकून राहिलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "कुणी अडवलं हिला?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी आईकडे. आई खाली मान घालून फरशी पुसत होती.

"तुम्हीच म्हणालात ना," आई म्हणाली. "मी सांगेन तेव्हाच जोर करायचा म्हणून."

नर्सबाईंचा हात पोरीच्या डोक्यावरच थांबला. "मी?" त्या म्हणाल्या. "अहो, ते मी…" मग त्यांनी बायकोकडे बघितलं, सुजलेल्या डोळ्यांकडे, फडकं चावून फाटलेल्या ओठाकडे. "ते मी सगळ्याच बायकांना म्हणते," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि बॅग आवरायला लागल्या. बॅगेचा पट्टा त्यांना पटकन लागेना.

"पोरीला काही होणार नाही ना?" मी विचारलं.

"रडते आहे, पिते आहे, रंग चांगला आहे. उद्या सकाळी पुन्हा येते बघायला. डोकं होईल हळूहळू गोल." मग दारात थांबून म्हणाल्या, "परत असं झालं तर माझी वाट बघू नका."

दादा त्यांना सोडायला गेला. आबा अजून उंबऱ्याबाहेरच होते. दुपारपासून तिथून हलले नव्हते. पाणी प्यायले नव्हते की नात बघायला आत आले नव्हते. आई पोरीला घेऊन त्यांच्याकडे गेली तर त्यांनी हात पुढे केला नाही. ती तशीच परत आली आणि पोरीला बायकोच्या कुशीत ठेवलं.

मी खाटेवरून म्हणालो, "आबा, आत या ना."

ते उंबऱ्यावर आले आणि तिथेच बसले. माझ्याकडे पाठ होती.

"अरे," ते म्हणाले. "ती म्हणाली ते खरं आहे."

आईचा फडका थांबला.

"लादी सरकताना मला दिसली होती," आबा म्हणाले. "तू खाली वाकलेला, तेही दिसलं होतं. 'हो' म्हणायला तोंड उघडलं मी. शब्दच फुटला नाही. एवढी वर्षं झाली, कधी असं झालं नव्हतं. पोराचं डोकं बघितलं आणि घसाच बंद झाला. तिने दाबली पहार. मी नुसता उभा."

"आणि इतके दिवस?" मी विचारलं.

"सगळे म्हणायला लागले तिने आधी दाबली. मी काही म्हटलं नाही. आज म्हणू, उद्या म्हणू. ज्याची हाळी अडकते त्याच्या हाळीवर कोण पहारीला हात लावेल?"

मला इतका राग आला की पाय धड असता तर मी उठून घराबाहेर निघून गेलो असतो. घासाघासाला टोमणे खाणारी बायको माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि मी काय केलं होतं? बिचाऱ्या आबांना लाज वाटत असेल म्हणून त्यांचीच कीव करत पडलो होतो. ज्या माणसाच्या आवाजावर मी जन्मभर जीव टांगला, तो माझ्या डोक्यावर लादी येताना गप्प राहिला, आणि नंतरही गप्पच राहिला. यातलं कुठलं गप्प राहणं जास्त वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मग मी हिला रोज…" आई म्हणाली आणि बादलीतल्या पाण्यात हात घालून बसून राहिली.

"उद्या सांगतो," आबा म्हणाले. "सगळ्या टोळीसमोर सांगतो. हाळी तुझा दादा देईल, नाहीतर दुसरा कुणी." मग त्यांनी मान अर्धी वळवली, पण भिंतीपर्यंत नजर नेली नाही. "सूनबाई, सांगू ना? तू म्हणशील तसं."

मी बघितलं. बायको भिंतीकडे कूस करून झोपली होती, तोंड थोडं उघडं, पोरगी तिच्या छातीला चिकटलेली. सगळं घर जागं असताना ती दिवसाउजेडी झोपलेली मी लग्नापासून पाहिली नव्हती.

"सूनबाई," आबा परत म्हणाले.

आई उठली. ओले हात तसेच ठेवून ती त्यांच्या आणि बायकोच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"झोपली आहे ती," आई म्हणाली. "उठवायचं नाही. तिची ती उठेल, तेव्हा विचारा."

आबांनी मान हलवली आणि ते उंबऱ्यात बसून राहिले.